विश्लेषण : माल खोटा, हिशेब खरा! ‘सराव कंपनी’ म्हणजे काय?

बी.कॉम. झालेल्या तरुणाला रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद येतो. पण नोकरीत पुरवठादाराचे बिल ‘जीएसटीआर-२बी’मध्ये दिसले नाही, की नेमका कुणाला फोन करायचा, हे त्याला ठाऊक नसते. ही उणीव वर्गातच भरून काढता येईल का?

संकल्पना काय?

ऑस्ट्रियातील वाणिज्य शाळांत ‘सराव कंपनी’ हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. विद्यार्थी खरेदी, विक्री, लेखा, मनुष्यबळ असे विभाग वाटून घेतात. माल आणि पैसा काल्पनिक. मागणीपत्र, बिल, पगारपत्रक मात्र खऱ्यासारखे. ग्राहक म्हणजे दुसऱ्या शाळेची सराव कंपनी. बँक आणि कर कार्यालयाची भूमिका मध्यवर्ती केंद्र बजावते. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतही १९९६ पासून अशा आभासी कंपन्या चालतात.

निव्वळ सॉफ्टवेअर का पुरत नाही?

एकट्याने सॉफ्टवेअरवर नोंदी करताना चूक झाली, तर ती खोडून पुढे जाता येते. सराव कंपनीत त्याच चुकीबद्दल समोरून तक्रारीचा मेल येतो. समजा, एक लाखाच्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. विक्रेत्याने ते बिल ‘जीएसटीआर-१’मध्ये दाखवलेच नाही, तर खरेदीदाराचे १८ हजारांचे इनपुट टॅक्स क्रेडिट अडकते. जानेवारी २०२२ पासूनचा हा नियम पाठ करणे सोपे. पण अडकलेल्या खरेदीदाराला उत्तर देताना तो खरा कळतो.

आपल्याकडे शक्य आहे?

नक्कीच. कोल्हापूरचे महाविद्यालय विक्रेता, लातूरचे खरेदीदार आणि एखादे तिसरे महाविद्यालय बँक, एवढी जुळणी पुरे. संगणक, स्प्रेडशीट आणि ईमेल यांवर सुरुवात होऊ शकते. अवघड आहे ते वेगळेच : प्राध्यापकाला व्याख्याता न राहता व्यवस्थापक व्हावे लागेल आणि गुण लेखी उत्तरांऐवजी महिनाअखेरच्या फायलींवर द्यावे लागतील.

मर्यादा कोणत्या?

काल्पनिक पैसा बुडाल्याने कुणाची झोप उडत नाही. त्यामुळे हा सराव प्रत्यक्ष उमेदवारीची जागा घेऊ शकत नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणाने इंटर्नशिपवर भर दिला असला, तरी लहान गावांत तेवढी कार्यालये आहेत कुठे? तिथल्या विद्यार्थ्यांना सराव कंपनी हाच पहिला अनुभव ठरेल. महागडे सिम्युलेटर विकत घेऊन प्रयोगशाळेला कुलूप लावण्यापेक्षा दोन महाविद्यालयांनी एकमेकांना बिले पाठवायला लागावे, हे उत्तम.