सॉफ्टवेअर फुकट आहे, मग पैसे कशाचे? गुहागरात बसून ‘सर्च’ची कंपनी चालेल का?

वर्डप्रेसवर बनवलेली एखादी मराठी वेबसाइट उघडा आणि शोधाच्या चौकटीत ‘कर’ असं टाइप करा. तुम्हाला हवी असते घरपट्टी, पाणीपट्टीची माहिती. पण त्या वेबसाइटवर फक्त वर्डप्रेसचा मूळ शोध असेल, तर ‘शेतकरी’, ‘लवकर’, ‘प्रकरण’ असलेली पानंही त्याच यादीत येतात. वेबसाइट कोकणातली असेल तर चिपळूणकर, केळकर, गुहागरकर असे निम्म्या तालुक्याचे आडनावबंधूही हजर.

आता उलट करून बघा. ‘पाऊस’ शोधा. ‘पावसात गुहागरला कसं जावं’ या शीर्षकाचा लेख सापडेलच असं नाही, कारण ‘पावसात’ या शब्दात ‘पाऊस’ ही अक्षरं सलग येतच नाहीत. ‘आंबा’ शोधलात तर ‘आंब्याच्या कलमांची छाटणी’ निसटते आणि आंबा घाट मात्र बरोबर सापडतो.

कारण साधं आहे. वर्डप्रेसचा मूळ शोध डेटाबेसला एवढंच विचारतो, की ही अक्षरं अशीच्या अशी कुठे आहेत? त्याला शब्द कळत नाही, विभक्ती तर नाहीच. आणि हे नीट करून देणं हा जगात एक व्यवस्थित चालणारा व्यवसाय आहे. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तरीही त्यावर कंपन्या चालतात. कशा, आणि तशी एखादी कंपनी गुहागरसारख्या गावातून चालू शकते का, ते बघू.

फुकट काय आहे?

१९९९ मध्ये डग कटिंग या अमेरिकन प्रोग्रामरने लुसीन नावाची लायब्ररी लिहिली. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी सूची लुसीन लाखो कागदपत्रांची बनवते. शिवाय दुर्मीळ शब्दाला जास्त वजन देते. ‘गुहागरमध्ये मोदक’ असं शोधलं आणि गुहागरबद्दलचीच वेबसाइट असेल, तर ‘गुहागर’ प्रत्येक पानावर असणार. म्हणून ‘मोदक’ जास्त महत्त्वाचा.

या लुसीनवर पुढे दोन मोठी इंजिनं उभी राहिली. एक सोलर (सौरऊर्जेशी काही संबंध नाही), जे सीनेट कंपनीत जन्मलं आणि २००६ मध्ये अपाची फाउंडेशनला दिलं गेलं. दुसरं २०१० मधलं इलास्टिकसर्च. आज असंख्य दुकानं, वर्तमानपत्रं, बँका यांच्या वेबसाइटवरच्या शोधामागे यांपैकी काहीतरी असतं.

इंजिन कुणीही उतरवून घेऊ शकतं. पण ते आपल्या मालाला बसवणं वेगळं. कोणत्या रकान्याला किती वजन, समानार्थी शब्द कोणते, ‘एसटी’ आणि ‘बस’ एकच धरायचं का, हे सगळं कुणीतरी माणसाने बसून ठरवावं लागतं. कन्सल्टन्सीचं बिल लागतं ते या बसण्याचं.

हे काम आतून कसं दिसतं? ग्राहकाच्या वेबसाइटवर लोक खरोखर काय शोधतात याची नोंद काढायची. त्यातले शंभरेक शोध निवडायचे. प्रत्येकाचे पहिले दहा निकाल माणसांकडून तपासून घ्यायचे: उपयोगी, बरा, बिनकामाचा. मग सेटिंग बदलायचं आणि गुण वाढले की घटले ते पाहायचं. पुन्हा बदलायचं. गोगलगायीच्या वेगाचं काम आहे, पण दुकानाच्या वेबसाइटवर ग्राहकाला वस्तू सापडलीच नाही तर विक्रीच होत नाही. म्हणून मोठी दुकानं यासाठी चांगले पैसे मोजतात.

छोट्या गावातून हे कुणी केलंय?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात शार्लट्सव्हिल नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. तिथे ओपनसोर्स कनेक्शन्स ही कंपनी आहे, काम फक्त सर्चचं. त्यांनी ग्राहक कसे मिळवले हे गुहागरच्या दृष्टीने जास्त कामाचं आहे. कंपनीतल्या लोकांनी शोधाच्या दर्जावर पुस्तक लिहिलं, निकालांना गुण देणारं क्युपिड नावाचं साधन बनवून पुढे तेही खुलं केलं, आणि हेस्टॅक नावाची परिषद सुरू केली. माहिती फुकट वाटली. ती वाचून ज्यांना ‘हे आपल्याच्याने होणार नाही’ असं वाटलं, ते ग्राहक झाले.

इंग्लंडात केंब्रिजला फ्लॅक्स ही अशीच छोटी कंपनी २००१ पासून सर्चचं काम करायची. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि तिचे संस्थापक चार्ली हल याच शार्लट्सव्हिलवाल्यांकडे गेले. म्हणजे या धंद्यात नाव होतं, मान मिळतो, पण दोन-चार माणसांच्या कंपनीला कायम टिकून राहणं सोपं नाही.

महाराष्ट्रात वेबसाइटच्या बाजूचं उदाहरण पुण्यात आहे. आरटीकॅम्प ही कंपनी २००९ पासून वर्डप्रेसवर उभी आहे. मुंबईच्या फ्रॅपेने ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर खुलं ठेवून त्याभोवती व्यवसाय केला. आणि गावात बसण्याबद्दल म्हणाल, तर झोहोने तमिळनाडूतल्या तेनकाशीत वर्षानुवर्षं ऑफिस चालवलंय. अर्थात झोहोकडे आधीपासून पैसा होता, हे विसरून चालणार नाही.

मालक मध्येच नियम बदलतो तेव्हा

फुकट सॉफ्टवेअरवर पोट असेल तर एक धोका कायम असतो. जानेवारी २०२१ मध्ये इलास्टिक कंपनीने जाहीर केलं, की इलास्टिकसर्च यापुढे जुन्या अपाची परवान्यावर मिळणार नाही. राग होता ॲमेझॉनवर. आम्ही बनवायचं आणि क्लाउडवाल्यांनी विकायचं, ही तक्रार. ॲमेझॉनने जुन्या कोडची प्रत घेऊन ओपनसर्च काढलं. ऑगस्ट २०२४ मध्ये इलास्टिकने पुन्हा एक खुला परवाना जोडला. पुढच्याच महिन्यात ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनकडे गेलं.

त्याच सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात जुंपली. डब्ल्यूपी इंजिनला वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सर्व्हरवरून तोडलं गेलं. तिथे वेबसाइट ठेवलेल्या लोकांना प्लगिनचे अपडेट नेहमीच्या वाटेने मिळेनात. प्रकरण कोर्टात गेलं आणि डिसेंबरमध्ये कोर्टाने हा अटकाव काढायला लावला. दोन मोठ्यांच्या भांडणात या ग्राहकांचा काही दोष नव्हता.

गंमत अशी, की अशा भांडणात कन्सल्टंटचं काम वाढतं. ‘आम्ही आता कुठे जायचं?’ हा प्रश्न घेऊन ग्राहक येतो आणि स्थलांतराचं बिल होतं. पण त्यासाठी कन्सल्टंटने एकाच इंजिनाशी लग्न लावलेलं नसलं पाहिजे.

आणि मराठी?

मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट इथे आहे. लुसीनमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी या भाषांसाठी तयार नियमसंच आहेत. मराठीसाठी स्वतंत्र नियमसंच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ‘किनारा’ शोधल्यावर ‘किनाऱ्यावर’ सापडण्याची सोय मात्र त्याने झाली नाही.

मग हिंदीचा संच वापरला तर? थोडा उपयोग होतो. ‘किनाऱ्या’मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे टाइप होतो, डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आतले संकेत निराळे असतात. हिंदीचे नियम तो घोळ सोडवतात. ऱ्हस्व-दीर्घही एक करतात, त्यामुळे ‘विहीर’ आणि ‘विहिरी’ जवळ येतात. पण त्याच फटक्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. आणि ‘साठी’, ‘मध्ये’, ‘पासून’, ‘च्या’ हे शब्दाला चिकटणारे आपले प्रत्यय हिंदीच्या नियमांना माहीत नाहीत, कारण हिंदीत ‘में’ आणि ‘के लिए’ सुटे लिहितात.

प्रत्यय सरसकट कापायचेही नाहीत. ‘शेतात’मधून ‘शेत’ काढायचं, पण ‘शेत’चं ‘शे’ होता कामा नये. ‘चिपळूणला’मधला ‘ला’ जावा, ‘मंगला’मधला राहावा. हे ठरवायला मराठी येणारं माणूस लागतं.

‘एआय आलंय, आता याची गरज काय?’ असं तुम्ही म्हणाल. अर्थावरून शोधणारी पद्धत आता लुसीनमध्येही आहे, २०२१ च्या ९.० आवृत्तीपासून. ‘बीचजवळ राहायला जागा’ आणि ‘किनाऱ्याशेजारी होमस्टे’ यांची गाठ ती घालून देऊ शकते. पण सर्व्हे नंबर, शासन निर्णयाचा क्रमांक, माणसाचं नाव हे जवळपासचं चालत नाही. म्हणून दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली किंवा स्कॅन केलेली सरकारी पीडीएफ असेल तर त्याआधी अक्षरं युनिकोडमध्ये आणण्याचं काम उरतंच.

गुहागरचं गणित

गुहागर म्हटलं की व्याडेश्वर, समुद्र आणि सुपारीच्या बागा. तालुक्यातल्या अंजनवेलला एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला, २००१ मध्ये बंद पडला, मग रत्नागिरी गॅस अँड पॉवर म्हणून दुसऱ्या हाती गेला. मोठ्या प्रकल्पाची वाट बघण्याचा अनुभव या तालुक्याला पुरेसा आहे. वेळणेश्वरला इंजिनीअरिंग कॉलेज आहे. पदवीनंतरचा पत्ता पुणे-मुंबई, हे मात्र कोकणात गृहीतच धरलं जातं.

सर्चच्या कंपनीला माल वाहून न्यायचा नसतो. चिपळूण स्टेशन सुमारे ४५ किलोमीटरवर असल्याने फरक पडत नाही. सर्व्हर मुंबईच्या किंवा परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये असतो, त्यामुळे गुहागरची लाइट गेली तरी ग्राहकाची वेबसाइट चालूच. अडचण दुरुस्ती करणाऱ्याची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही कोलमडलं होतं. अशा दिवसासाठी दुसऱ्या गावात बसलेला एक भागीदार लागतो. इन्व्हर्टरने भागत नाही.

खरी अडचण ग्राहकाची आहे. समजा, तुम्ही गावातल्या होमस्टेला २० हजारांत वेबसाइट करून दिली. पुढच्या वर्षी मालक फक्त डोमेनचे पैसे देणार. महिना चालवायचा तर अशा किती वेबसाइट लागतील ते तुम्हीच मोजा, आणि तालुक्यात होमस्टे किती असतील तेही. शिवाय दहा खोल्यांच्या होमस्टेला सर्च लागतच नाही. सर्च लागतो तो हजारो पानं असलेल्या संस्थेला, आणि अशा संस्था पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असतात. परदेशी ग्राहकाकडून परकीय चलनात आलेलं बिल जीएसटीच्या हिशेबात निर्यात धरलं जातं आणि हमीपत्र भरलेलं असेल तर त्यावर कर लावावा लागत नाही.

थोडक्यात, गुहागरातली कंपनी चालेल, पण ती चालेल इंग्रजी आणि जर्मन शोध सुधारून. ग्रंथालयं, नगरपंचायती, जुनी मासिकं, जिथे हजारो मराठी पानं पडून आहेत, त्यांच्या निविदेत ‘शोध’ म्हणजे फक्त एक चौकट असते. ‘पाऊस टाकल्यावर पावसात सापडलं पाहिजे’ अशी अट घातली, तरच कुणी त्याचे पैसे मागू शकेल.

दुसरी एक वाट आहे. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी दर वर्षी १० लाख डॉलर देणारा निधी जाहीर केला. पण तो चालू असलेल्या प्रकल्पांसाठी आहे. मराठीचा नियमसंच मागायला जायचं, तर आधी कुणीतरी तो संध्याकाळी, बिलाशिवाय लिहायला घेतलेला असावा लागेल.