सर्बियाचें सिंहासन आणि सर्बियाची घटना

सर्बियाच्या राजघराण्यांचा इतिहास म्हणजे दोन कुळांतील खुनाखुनीची बखर, असें समजून पुष्कळ लोक तो बाजूस ठेवितात. या समजुतीस आधार नाहीं असें नाहीं. तुर्कांविरुद्ध १८०४ चें पहिलें बंड काराजॉर्जनें उभारलें, १८१५ चें दुसरें मिलोश ओब्रेनोविचनें. १८१७ सालीं काराजॉर्ज गुप्तपणें स्वदेशीं परतला तेव्हां मिलोशच्या हुकुमानें त्याचा वध होऊन त्याचें शिर सुलतानाकडे रवाना झालें. परंतु वैर हें अर्धेंच कारण. १८३९ त मिलोशनें गादी सोडिली ती शत्रूच्या तरवारीमुळें नव्हे. १८३८ च्या सनदेनें त्याच्यावर बसविलेलें सतरा सभासदांचें कौन्सिल त्यास सोसवेना. १८५८ त अलेक्झांडर काराजॉर्जेविचास पदच्युत केलें तेंही राष्ट्रसभेनें.

शेवटचा ओब्रेनोविच राजा अलेक्झांडर याचीच गोष्ट घ्या. १८९३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, त्यानें रीजंटांस मेजवानीस बोलावून कैद केलें व आपणच आपणांस सज्ञान ठरविलें. पुढच्या वर्षीं १८८८ ची उदार घटना रद्द झाली, १९०१ त नवी आली. १९०३ च्या एप्रिलांत तर त्यानें ही नवी घटना सुमारें तासाभरापुरती तहकूब केली, तेवढ्यांत नावडते कायदे व अधिकारी काढून टाकिले, आणि घटना पुन्हा जागच्या जागीं ठेविली! रात्रींतून कीर्द बदलून सकाळीं तीच पुढें करणाऱ्या सावकारावर आमचे व्यापारी वाचक किती विश्वास ठेवितील?

लोकांनीं मात्र सारा दोष द्रागा राणीच्या माथीं मारिला. ती विधवा होती, वयानें राजाहून बरीच मोठी होती, हाच तिचा मोठा अपराध! विधवेनें पुनर्विवाह करणें हें पाप नव्हे, असें आम्हीं येथील लोकांस सांगत आलों, तें बेलग्रेडच्या लोकांसही सांगावें लागेल. ११ जून १९०३ च्या रात्रीं लष्करी अधिकारी राजवाड्यांत शिरले, राजाराणीस ठार करून त्यांचीं प्रेतें खिडकींतून खालीं फेंकलीं, आणि शहरानें आनंद केला. राजानें कायदा मोडिला म्हणून स्त्रीचा वध करणें ही सुधारणा आहे, असें आम्हांस कोणीही पटवूं शकणार नाहीं.

यानंतर गादीवर आलेल्या पीटर काराजॉर्जेविचनें तरुणपणीं मिल्लच्या स्वातंत्र्यविषयक निबंधाचें सर्बियन भाषांतर केलें होतें. त्यानें १८८८ ची घटना थोड्या फेरफारांनीं पुन्हा चालू केली व ती बऱ्याच अंशीं पाळली, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. पण ज्यांच्या हातून गादी मिळाली त्यांस दूर कसें सारावें? इंग्लंडनें संबंध तोडिले, ते १९०६ त प्रमुख कटवाल्यांस निवृत्त केल्यावरच पुन्हा जोडिले. कटाचा एक सूत्रधार दिमित्रिएविच मात्र लष्करांतच राहिला. १९१४ च्या साराएवो येथील खुनाच्या मुळाशीं त्याचाच हात होता. १९१७ सालीं पीटरचा मुलगा अलेक्झांडर रीजंट असतां सालोनिका येथें त्यास गोळ्या घातल्या. त्याच अलेक्झांडरनें १९२९ त राजा या नात्यानें घटना मोडिली, आणि १९३४ त मार्सेय येथें तो मारला गेला.