‘माथेफिरू’ म्हटले की सगळे सुटतात



कामाच्या जागी बाईवर जीवघेणा हल्ला झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक शब्द ठरलेला असतो : माथेफिरू. तो छापला की साहेब सुटतात, संस्था सुटते. वेड्याला कोण काय करणार? मला या शब्दाचा राग येतो.

अरुणा शानबाग आठवा. परळच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ती कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला, अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ ला ती गेली. तोवर ४१ वर्षांहून अधिक काळ केईएमच्या परिचारिकांनीच तिला सांभाळले. खटला झाला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच नाही. आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून बाहेर आला.

हा माणूस अनोळखी नव्हता, आणि राग एका रात्रीतला नव्हता. कुत्र्यांचे खाणे चोरतो म्हणून अरुणाने त्याला हटकले होते, तक्रार करीन म्हणाली होती, असे पिंकी विराणी यांच्या १९९८ च्या पुस्तकात आहे. बाईने कामात जाब विचारला, हाच अपमान.

डायना स्कली या अमेरिकन संशोधिकेने तुरुंगातल्या ११४ बलात्काऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. वेडाच्या खुणा शोधून फारसे हाती लागले नाही. हाती लागली ती सूडाची आणि शिक्षेची भाषा : ‘तिला धडा शिकवला’. कित्येकांचा राग तर दुसऱ्याच बाईवर होता, तो काढला समोर सापडली तिच्यावर.

जॉन प्रायर यांचा १९९३ चा प्रयोग मला त्याहून उपयोगाचा वाटतो. एका बाईला संगणकाचे काम शिकवायला पुरुषांना सांगितले. आधीच छळाकडे कल असलेल्या पुरुषांनी लगट केली, पण मुख्यतः तेव्हा, जेव्हा वरच्या माणसाने त्यांच्यादेखत तसे केले होते. वरचा नीट वागला, तर तेही नीट वागले. म्हणजे परवानगी वरून येते. म्हणूनच अरुणाच्या प्रकरणावरून ‘हे सफाईवाले लोक असेच’ म्हणणाऱ्यांना आपण तिथल्या तिथे थांबवले पाहिजे. केबिनमधला हात आणि तळघरातला हात यांची जात वेगळी असेल, शिकवण एकच आहे.

भंवरीदेवीवरच्या १९९२ च्या बलात्कारानंतर १९९७ चा विशाखा निकाल आला, २०१३ चा कायदा आला. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीचा बलात्कार करून खून झाला. तिथे तर रात्री आडवे व्हायला सुरक्षित खोलीचाही प्रश्न होता.

आपल्याकडे साकीनाक्याच्या, मरोळच्या गाळ्यांत सात-आठ जणी काम करतात. दहापेक्षा कमी माणसे असली की मालकावर अंतर्गत समितीची सक्ती नाही. त्या बायकांनी, आणि घरकामगारांनीही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे असते, तेही तीन महिन्यांच्या आत. मोठ्या आस्थापनेने समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. आपल्या वस्तीतल्या किती जणींना ही समिती ठाऊक आहे, ते विचारा. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या गटांनी उत्तरे लिहून पाठवावीत, पुढच्या अंकात छापू.