उन्हाळ्यातील उमेदवारी

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये पुन्हा भरू लागली की विज्ञानाच्या व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक दार थोडे दिवस उघडे असते, आणि आमच्याकडील बहुतेकांना त्याचा पत्ता लागण्यापूर्वीच ते बंद होते. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तीन संस्था मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्त्या देतात. निवडलेल्या विद्यार्थ्याने देशातील एखाद्या प्रयोगशाळेत वा विद्यापीठात एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करावयाचे. त्याबद्दल त्याला विद्यावेतन मिळते आणि जाण्यायेण्याचे रेल्वेभाडेही मिळते. तू कोणत्या राज्याचा, असे विचारून येथे कोणाला परत पाठवीत नाहीत. एका रहिवासी दाखल्यासाठी दोन राज्यांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या सीमाभागातील पालकांना ही गोष्ट सहज पटणार नाही. पण ती खरी आहे. परीक्षांतील गुण, आपल्याला काय करून पाहावयाचे आहे याविषयी एक लहानसे टिपण, आणि एका अध्यापकाचे शिफारसपत्र, एवढ्यावर निवड होते. अर्जाची मुदत सामान्यतः नोव्हेंबरअखेर संपते. मे महिन्यातील कामासाठी नोव्हेंबरात अर्ज! आमच्याकडे मे महिन्याची आठवण एप्रिलात होते, आणि निम्मे नुकसान तेथेच होऊन जाते.

‘इंटर्नशिप’ हा शब्द अलीकडे घरोघरी झाला आहे. परंतु ती वस्तू आपल्याला नवी नाही. छापखान्यात खिळे जुळवावयास, वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर, मिस्त्रीच्या हाताखाली मुलाला ठेवीत, तेव्हा त्याला आपण उमेदवारी म्हणत असू. मोठा अर्थपूर्ण शब्द आहे तो. हाताशी विद्या नाही, खिशात पैसा नाही, पण उमेद आहे, असा जो तो उमेदवार. पुढे निवडणुकांनी हा शब्द पळविला आणि त्याची काय दशा केली हे वाचक जाणतातच. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईस चित्रकला शिकावयास गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात आल्यावर यांत्रिक रेखांकनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पण यंत्रविद्या त्यांच्या हाती आली ती यंत्रे उघडून आणि पुन्हा जुळवून. बेळगावातील सायकलींच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आणि तेथून १९१० साली किर्लोस्करवाडीपर्यंत त्यांनी जी मजल मारली, तिच्यात वर्गातील व्याख्यानांचा वाटा किती आणि हाताला लागलेल्या वंगणाचा किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

वर्गात आणि प्रयोगशाळेत फरक काय, हे विद्यार्थ्यालाच विचारले तर तो नेमके सांगेल. महाविद्यालयातील प्रॅक्टिकलचे उत्तर आधीच ठाऊक असते. लंबकाचा प्रयोग असो वा भिंगाचा, शेवटी कोणता आकडा यावयास हवा हे मागच्या वर्गाच्या जर्नलात लिहिलेले असते, आणि उत्तरावरून उलटे जाऊन रीडिंग भरण्याची कला आमची मुले पहिल्याच वर्षी आत्मसात करतात. संशोधनशाळेत ही कला निरुपयोगी ठरते, कारण तेथे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिचा कारभार पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पाहते. तेथे सुट्टीत येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आकाशातून आलेली आणि माणसाच्या यंत्रांच्या गोंगाटात मिसळलेली खरी नोंद ठेवतात. मोबाइलचा मनोरा कोणता आणि दूरची आकाशगंगा कोणती, हे त्याने वेगळे करावयाचे. पहिले काही आठवडे बहुधा काहीच निघत नाही. हे निष्फळ आठवडेच आम्हाला त्या दोन महिन्यांतील सर्वांत मोलाचे वाटतात. ज्याने कधी चुकलेले रीडिंग चुकलेले म्हणून लिहिले नाही, तो पुढे अभियंता होऊन पुलाचे माप कसे घेणार?

अशी ठिकाणे आमच्यापासून फार दूर आहेत असेही नाही. पुणे एका रात्रीच्या एस.टी.चा प्रवास. तेथील आयुका ही संस्था कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केली. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, पण सुट्टीतील विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम हा त्या संस्थेचा रिवाजच होऊन बसला आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, गणित, संगणकशास्त्र अशा विषयांत पाहुण्या विद्यार्थ्यांना घेते. बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र उन्हाळी शिष्यवृत्ती देते, आणि निरनिराळ्या आय.आय.टी.ही आपापले कार्यक्रम जाहीर करतात. प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या, अटी वेगळ्या. त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहाव्या. ओळखीच्या माणसाकडून ऐकून अर्ज करू नये.

योजनांच्या बाबतीत आमच्याकडे बराच गोंधळ आहे, तोही येथे निस्तरलेला बरा. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना १९९९ साली सुरू झाली होती. ती २०२२ मध्ये बंद झाली. तरीही तिच्या तयारीची पुस्तके घेऊन पालक अजून मुलांच्या मागे लागलेले आढळतात. आज मूलविज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. तिच्यातील वार्षिक ८०,००० रुपयांपैकी २०,००० रुपये उन्हाळी संशोधनासाठी म्हणूनच ठेवलेले आहेत. म्हणजे सरकारनेच मान्य केले आहे की विज्ञानाचा विद्यार्थी उन्हाळ्यात कोणाच्या तरी प्रयोगशाळेत असला पाहिजे. याउलट, २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचे दरमहा ५,००० रुपये ऐकून ज्यांनी चौकशी आरंभिली, त्यांनी लक्षात घ्यावे की ती बारा महिन्यांची योजना आहे आणि जाहीर झाली तेव्हा पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्याला तिच्यात प्रवेश नव्हता. सुट्टीतील उमेदवारीशी तिचा संबंध नाही.

आता कडू भाग. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला स्थान दिले, विद्यापीठांनी ती सक्तीची केली, आणि लाखो विद्यार्थ्यांना एकाच वेळी प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली. गरज निर्माण झाली की बाजार भरतो. चार-दोन चित्रफिती पाहा, एक तयार प्रकल्प उतरवून घ्या, अमुक हजार भरा आणि प्रमाणपत्र घेऊन जा, अशी दुकाने आज जागोजाग आहेत. काहींचा तर पत्ता म्हणजे केवळ एक मोबाइल क्रमांक. जुना छापखानेवाला उमेदवाराला पहिले वर्षभर दमडी देत नसे हे खरे; पण त्याच्याकडून दमडी घेत नसे हेही तितकेच खरे. उमेदवाराकडूनच पैसे घेणारा मालक ही आमच्या काळाची निपज आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यातील शिकाऊ कामगाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंतेही त्या कायद्याच्या कक्षेत आले. परंतु शिकत असताना इंटर्नशिप करणारा मुलगा या छपराबाहेरच राहतो. त्याला काय द्यावे, किमान किती द्यावे, हे ठरविणारा कायदा नाही. जेथे कायदा नाही तेथे निदान लाज असावी, एवढीच अपेक्षा करता येते.

बिनपगारी उमेदवारीत काय बिघडते, असे पुष्कळ भले लोक विचारतात. बिघडते ते असे. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा उन्हाळ्यात घरी बसून नसतो. तो काजू-आंब्याच्या हंगामाला असतो, नाहीतर शहरात एखाद्या दुकानात कामाला असतो. दोन महिने परगावी राहावयाचे म्हणजे खोली, खाणावळ आणि प्रवास यांचा खर्च, शिवाय बुडालेली मजुरी. हा दुहेरी तोटा डॉक्टरांचा मुलगा सोसू शकतो, त्याला सोसवत नाही. मग अनुभव डॉक्टरांच्या मुलाला मिळतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत अनुभव विचारला जातो. म्हणून विद्यावेतन ही विद्यार्थ्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. गुणवत्तेची चाळण खऱ्या अर्थाने गुणवत्तेची राहावी यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

त्यातही एक मेख आहे. रेल्वेभाडे मिळते ते प्रवास करून आल्यावर. विद्यावेतन हातात पडावयास वेळ लागतो. पहिल्या महिन्याची अनामत, मेसचे पैसे आणि तिकीट हे आधी खिशातूनच जातात. दहा-पंधरा हजार रुपयांसाठी निवड झालेला मुलगा घरी बसला, असे होणे आमच्या शहराला शोभत नाही. येथे गल्लीगल्लीत पतसंस्था आहेत, मोठ्या वर्गणीची गणेशोत्सव मंडळे आहेत. मंडपाच्या एका कमानीच्या खर्चात चार विद्यार्थ्यांना बिनव्याजी उसनवारी देता येईल, आणि विद्यावेतन आले की ती परतही येईल. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी या गणिताचा विचार वर्गणीची पुस्तके छापण्यापूर्वी करावा.

भाषेची अडचण आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी भौतिकी उत्तम जाणते, पण ‘आपणांस काय करावयाचे आहे ते लिहा’ म्हटले की इंग्रजीच्या भयाने ती मैत्रिणीचा मजकूर उतरवते, किंवा हल्ली यंत्राकडून लिहवून घेते. असा मजकूर वाचणारे लोक रोज शेकडो टिपणे वाचतात. त्यांना तो दोन ओळींत कळतो. आमची सूचना साधी आहे. आपल्याला कोणता प्रश्न पडला आहे हे आधी मराठीत लिहावे. ते लिहिता येत नसेल तर प्रश्नच पडलेला नाही असे समजावे. लिहिता आले, तर त्याचे साध्या इंग्रजीत भाषांतर करावयास एका अध्यापकाचा अर्धा तास पुरतो. एकच पत्र दोनशे प्राध्यापकांना, तेही एकाचे नाव दुसऱ्याला घालून, धाडण्यापेक्षा चौघांचे काम वाचून चौघांना लिहावे.

मुलींच्या बाबतीत अडचण गुणांची नसते, घरच्या परवानगीची असते. आलेले निवडपत्र घरच्यांनीच परत फिरविले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या नात्यागोत्यात घडलेली असेल. वसतिगृहाची सोय संस्थेच्या आवारात होईल का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. वडिलांनी हवे तर पोचवावयास जावे आणि जागा पाहून यावी. चार वर्षांनी हीच मुलगी नोकरीसाठी पुण्यात वा बंगळूरात एकटी राहणार आहे, आणि त्या वेळी तिला कोणी अडविणार नाही.

सर्वच विद्यार्थ्यांनी संशोधक व्हावे असे आमचे म्हणणे नाही. अभियांत्रिकीच्या मुलाला आमच्या उद्यमबागेत काय कमी आहे? तेथील फौंड्र्यांचा माल दूरदूर जातो. पण दोन महिन्यांसाठी आलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी हजेरीपुस्तकाशेजारी एक खुर्ची मिळते आणि शेवटी एक सही. कारखानदारांनी त्याला एक खराखुरा प्रश्न द्यावा. रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा ढीग प्रत्येक फौंड्रीत असतो. वाळूत ओल वाढली की ब्लोहोल पडतात हे प्रत्येक मोल्डरला ठाऊक आहे. पण कोणत्या पाळीत, कोणत्या पॅटर्नवर, ओल किती असताना आणि धातू किती तापलेला असताना माल गेला, याची साठ दिवसांची ओळीने नोंद किती मालकांच्या मेजावर आहे? ती त्या मुलाकडून करवून घ्यावी, मोल्डरच्या शेजारी उभे राहून करवून घ्यावी, आणि महिन्याकाठी काही रक्कम त्याच्या हातावर ठेवावी. रिजेक्शन शेकड्यात एकाने जरी घटले तरी ती रक्कम वसूल होऊन वर उरेल. मालकांना आम्ही परोपकार करावयास सांगत नाही.

राहता राहिली महाविद्यालये. तीन अकादमींच्या त्याच योजनेत अध्यापकांसाठीही उन्हाळी शिष्यवृत्त्या आहेत, हे किती विभागप्रमुखांना ठाऊक आहे? जो अध्यापक स्वतः दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत राहून आला, त्याचे शिफारसपत्र निराळे असते. ‘विद्यार्थी हुशार व सुस्वभावी आहे’ या ओळीपलीकडे ते जाते. परीक्षांचे वेळापत्रक मे-जून ओलांडून पुढे सरकले की निवड झालेल्या मुलापुढे परीक्षा की प्रयोगशाळा असा पेच उभा राहतो. त्याची मागणी विद्यापीठाकडे प्राचार्यांनी लेखी न्यावयास हवी. विद्यार्थ्याच्या एकट्याच्या अर्जाला तेथे कोण विचारतो? आणि या योजनांचे एक पत्रक गणेशोत्सवाच्या सुट्टीपूर्वीच सूचनाफलकावर लागावे. शिफारसपत्र मागावयास मुले अखेरच्या आठवड्यात येतात आणि अध्यापक त्यांच्यावर रागावतात. अध्यापकाला विद्यार्थ्याचे काम आठवून लिहावयास निदान पंधरा दिवस लागतात, तेव्हा नोव्हेंबरची पंधरा तारीख हीच खरी मुदत धरून चालावे.