न गंजणारा चाकूही गंजतो

गोंडपिपरीच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात खिशातील घडीचा चाकू क्वचितच कोरडा राहतो. तो स्टेनलेस पोलादाचा आहे, तेव्हा त्याची निगा कशाला, असा समज सर्वत्र आढळतो. आमच्या मते तो नुकसानकारक आहे.

या पोलादात निदान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेच्या संयोगाने त्याचा अदृश्य थर पात्यावर बनतो व लोखंडाचे रक्षण करतो. परंतु घाम, मीठ व म्युरेट ऑफ पोटॅश यांतील क्लोराइड हा थर भेदते. खताचे पोते कापून चाकू तसाच मिटला, की सांध्यात गंज धरतो. अशा पात्याने कलमकाडीचा काप खरबरीत होतो, ती खुंटाशी जुळत नाही व कलम दगावते.

उपाय सोपा आहे. काम संपताच चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवावा, पुसून वाळवावा व सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडावा. जवसाचे तेल घालू नये; ते वाळून चिकट होते. डाग खाण्याच्या सोड्याच्या लगद्याने घासावेत. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण पात्यात रुतून पुन्हा गंजतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमाच्या प्रात्यक्षिकाची अखेर चाकू धुऊनच करावी.