बारीक टायपातला नफा

कंपनीचा वार्षिक अहवाल मी शेवटाकडून वाचायला घेतो. पुढची गुळगुळीत पाने आणि अध्यक्षांचे हसरे छायाचित्र नंतर पाहिले तरी चालते. कंपनीचा खरा स्वभाव उतरलेला असतो तो मागच्या, बारीक टायपातल्या टिपांमध्ये. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीसाठी दहा-पंधरा वर्षे शेअर सांभाळणाऱ्याने तरी त्या वाचल्याच पाहिजेत, असे माझे मत आहे.

कारण नफा हा आकडा वाटतो तितका निर्विवाद नसतो. समजा, दोन कारखान्यांनी प्रत्येकी १० कोटींचे यंत्र घेतले. एकाने त्याचे आयुष्य १० वर्षे धरले, दुसऱ्याने २०. मोडीची किंमत सोडून दिली, तर पहिल्याचा वार्षिक घसारा १ कोटी आणि दुसऱ्याचा ५० लाख. यंत्र तेच, माल तोच. तरी दुसऱ्याचा करपूर्व नफा ५० लाखांनी जास्त! यात बेकायदा काही असतेच असे नाही. कायद्याने आयुर्मान सुचवलेले असले, तरी सबळ कारण देऊन वेगळे धरता येते. पण असा प्रत्येक निर्णय नफा फुगवण्याकडेच झुकत असेल, तर माणसे कशी आहेत ते कळते.

हे चार्टर्ड अकाउंटंटचे काम, असे म्हणून पुष्कळजण सुटका करून घेतात. मला ते पटत नाही. वाण्याची उधारीची वही ज्याला कळते, त्याला विक्रीपेक्षा येणे रक्कम का भराभर वाढते आहे, हे विचारता येते. पाच वर्षांचा नफा आणि त्याच पाच वर्षांत धंद्यातून प्रत्यक्ष हाती आलेली रोकड शेजारी-शेजारी मांडून पाहावी.

अर्थात, रोकडच खोटी असली तर? 'सत्यम'ने ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटींची रोख व बँक शिल्लक दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. गंमत म्हणजे, त्याच सप्टेंबरात कंपनीला सुशासनाचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला होता.

बनावट ठेवपावत्या ओळखणे घरबसल्या कोणालाच शक्य नव्हते. पण १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने राजू कुटुंबाशी संबंधित दोन 'मायटास' कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले. (हे नाव इंग्रजीतून उलटे वाचले की 'सत्यम'च होते.) सॉफ्टवेअर कंपनीच्या भागधारकांचा पैसा घरच्यांच्या जमीन-बांधकामाच्या धंद्यात कशाला, हे विचारायला लेखापाल असण्याची गरज नव्हती. गुंतवणूकदार खवळले आणि तो बेत काही तासांतच गुंडाळावा लागला. भाव पडला, पण राजूंची कबुली यायला अजून तीन आठवडे होते.