हाडवैद्य, पुत्तूरची पट्टी आणि ऑस्टिओपॅथी

कमरेत उसण भरली म्हणजे पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, ही समजूत बरोबर घेऊनच आपले पूर्वज मुसीकाठी येऊन स्थिरावले. येथे त्यांना पहेलवानांची मालिश लाभली आणि पुत्तूरची पट्टीही. आता त्यांत ऑस्टिओपॅथी या नव्या नावाची भर पडली आहे. मलकपेठेतील परिचितांपैकी कोणाची पाठ धरली, की ‘ऑस्टिओपॅथ म्हणजे आपले हाडवैद्यच ना?’ असा प्रश्न आम्हास हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे; आणि हा भेद न जाणल्यास प्रसंगी हात वा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

ऑस्टिओपॅथीचे जनक डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतील वैद्य. १८६४ साली मेंदूज्वराने त्यांची तीन मुले दगावली आणि तत्कालीन औषधांवरील त्यांचा विश्वास उडाला. शरीराची रचना सुस्थितीत राहिल्यास रोगनिवारणाची शक्ती शरीरातच असते, हा विचार त्यांनी १८७४ मध्ये मांडला व १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे पहिले विद्यालय काढले. आज अमेरिकेत या शाखेचे पदवीधर पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये मात्र ते मुख्यतः हातांनीच उपचार करतात व १९९३ च्या कायद्यान्वये त्यांना नोंदणी करावी लागते. आपल्या देशात ओडिशातील कटकजवळच्या श्री श्री विद्यापीठात ही विद्या शिकविली जाते.

नावात ‘अस्थी’ असली तरी हा उपचार मोडलेल्या हाडाचा नव्हे. रुग्णाचे उठणे-बसणे न्याहाळून आखडलेले स्नायू दाबणे, ताणणे, जखडलेले सांधे हळूहळू हलविणे असे त्याचे स्वरूप असते. कंबरदुखीत त्याने काही प्रमाणात आराम पडतो. तथापि ब्रिटनमधील २०१६ च्या अधिकृत मार्गदर्शनात असे हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच करावेत, असे सांगितले आहे. दमा वा मधुमेह हातांनी बरा होतो, या म्हणण्यास मात्र आधार नाही.

आता पुत्तूरविषयी. तिरुपतीनजीकच्या या गावाजवळील राचपालेम येथे एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जपली आहे. पाल्याचा लेप, अंड्याचा बलक वगळून उरलेला पांढरा भाग, बांबूच्या कांबी आणि कापड, ही तिची सामग्री. साध्या मोडीत हाड स्थिर राहिले तर ते जुळून येते, हे खरेच आहे. परंतु हैदराबादेत ठिकठिकाणी ‘पुत्तूर कट्टू’ अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती विद्या असेलच असे नाही.

आमच्या शाळेतील एका मुलाचे मनगट खेळताना दुखावले. घरच्यांनी कोठूनशी पट्टी बांधून आणली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची बोटे गार व निळसर पडल्याचे शिक्षकांनी पाहिले. तातडीने रुग्णालयात नेऊन पट्टी सोडविली, म्हणून हात वाचला. घट्ट पट्टीने रक्तप्रवाह अडला की काही तासांतच स्नायू मरू लागतात, आणि मग हात कायमचा वाकडा होतो किंवा कापावाही लागतो.

हे भय आपल्या पूर्वाचार्यांस अज्ञात नव्हते. सुश्रुताने भग्नचिकित्सेत बजावले आहे, की बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही आणि फार घट्ट असेल तर सूज, वेदना व पाक होतो. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी बदलावी, असेही त्याने सांगितले आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेचा हा इशाराही ऐकावा.

तेव्हा आमचे वाचकांस सांगणे एवढेच. पडल्यावर अवयव वाकडा दिसला, सूज आली वा भार सहन होईना, तर प्रथम एक्स-रे काढावा. उस्मानिया रुग्णालय येथे आहेच. पंजागुट्ट्याची ‘निम्स’ तर मुळात निजाम अस्थिरुग्णालय म्हणूनच उभी राहिली. पट्टी किंवा प्लास्टर कोणीही घातलेले असो, बोटे बधिर, गार वा निळी पडल्यास क्षणाचाही विलंब लावू नये. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पायांतील शक्ती जात असेल वा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर मालिश, ऑस्टिओपॅथी सारे बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. मणक्याचा क्षयही याच वाटेने येतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांची पाठ कोणास दाबू देऊ नये आणि मानेस झटका तर कोणाकडूनही देववू नये. त्याने क्वचित मेंदूची रक्तवाहिनी फाटते.

एवढे पाहून झाल्यावर, नुसत्या आखडलेल्या पाठीस जाणत्या हाताचा उपचार अवश्य करून घ्यावा, आणि तो सांगेल तो व्यायाम नित्य करावा.